सफरीची सायकल आणि आपले गुडघे

पावसाने उघडीप दिली आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली, की आमच्या भागातल्या तरुण मंडळींना कोकण खुणावू लागते. एके काळी ही मंडळी एस.टी.ने जात, पुढे मोटारसायकली आल्या. गेल्या काही वर्षांत मात्र सायकलवर सामान बांधून निघणारे गटही दिसू लागले आहेत. कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणवरून गुहागर गाठायचे आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण असे खाली जायचे. परतताना फोंडा किंवा गगनबावडा चढून कोल्हापूर. एकंदर पाच-सहाशे किलोमीटरांचा हा फेरा आठवडाभरात होतो.

मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेली पोटे यांच्यातच ज्याचा दिवस जातो त्या डॉक्टरला, कोणी स्वतःच्या पायांनी सहाशे किलोमीटर जायचे म्हणतो तेव्हा आनंदच होतो. पण दिवाळीनंतरच्या आठवड्यात या आनंदाची दुसरी बाजू दवाखान्यात येऊन बसते. कोणाचा गुडघा सुजलेला असतो, कोणाच्या करंगळीला मुंग्या येत असतात, तर कोणी दार लोटून घेऊन खालच्या आवाजात सांगतो की, "डॉक्टरसाहेब, खालचा भाग बधिर झालाय." यांतली बहुतेक माणसे धडधाकट असतात, महिना-दोन महिने सराव केलेली असतात. चुकलेली असते ती सायकल. म्हणून "सायकल कोणती घेऊ?" हा प्रश्न दुकानदाराचा असला तरी मी तो माझ्याही खात्यातला मानतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सायकल कोणत्या कंपनीची, किती गिअरची आणि किती हजारांची, हे सगळे नंतर. ती तुमच्या अंगाच्या मापाची आहे की नाही, हे आधी. मापात न बसणारी पन्नास हजारांची सायकल ही मापात बसणाऱ्या दहा हजारांच्या सायकलीपेक्षा शरीराला वाईट, यात मला तिळमात्र शंका नाही.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे आकड्यांचा मोठा घोळ आहे. आमच्या पिढीत सायकल "बावीस इंची की चोवीस इंची?" असे विचारले जाई. तो आकडा फ्रेमच्या उंचीचा, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीचा असे. हल्ली दुकानात २६, साडेसत्तावीस, २९ असे आकडे कानावर पडतात. हे आकडे चाकांचे आहेत, फ्रेमचे नव्हेत. एकाच २९ इंची चाकाच्या सायकली लहान, मध्यम आणि मोठ्या फ्रेममध्ये निघतात. पण लहान गावातल्या दुकानात बहुधा एकच फ्रेम टांगलेली असते आणि "ही सगळ्यांना बसते" असे ठोकून दिले जाते. चपलेच्या दुकानात कोणी आठ नंबर सगळ्यांना बसतो म्हणाला तर आपण तिथून उठून जाऊ. सायकलच्या दुकानातून मात्र आपण पावती घेऊन बाहेर पडतो.

माप बघायला यंत्र लागत नाही. सायकलच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहा. दांडा आणि जांघ यांच्यात इंच-दोन इंच जागा मोकळी राहिली पाहिजे. जागा उरतच नसेल तर फ्रेम मोठी, वीतभर उरत असेल आणि दांडा बाकदार नसेल तर फ्रेम लहान. त्यानंतर सीटवर बसा, मित्राला सायकल धरायला सांगा, आणि पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. नेहमी चालवताना आपण टाच नव्हे तर चवडा पायडलवर ठेवतो. तो ठेवला की गुडघा आपोआप किंचित, साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीटची हीच उंची बरोबर.

आता गंमत अशी, की या उंचीला सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकत नाहीत, आणि ते टेकलेच पाहिजेत असा आपल्याकडे पक्का समज आहे. शिकाऊ मुलाच्या बाबतीत तो ठीक आहे. गावातल्या गावात भाजी आणायला जाणाऱ्यानेही हवे तर सीट खाली ठेवावी. पण रोज पाच तास पायडल मारणाऱ्याने सीट खाली ठेवली तर गुडघा सतत जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर नको इतकी दाबली जाते. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला ४८०० आणि पाच तासांत २४ हजार वेळा प्रत्येक गुडघा हे करतो. जे दुखणे एका फेरीत जाणवणारही नाही ते तिसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाही. उलट सीट फार उंच केली तर माणूस दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे घुसळतो आणि गुडघ्याच्या मागची शीर धरते. तेव्हा दुखणे गुडघ्याच्या पुढे असेल तर आधी सीट खाली आहे का ते बघावे आणि मागे असेल तर वर आहे का ते.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला. दोन्ही गुडघे पुढच्या बाजूने दुखत होते. सफर पंधरा दिवसांवर आलेली, त्यामुळे त्याला इंजेक्शन हवे होते. मी त्याला दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन यायला सांगितले. दवाखान्याच्या पायरीशी त्याला सायकलवर बसवले तर गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते. कंपाउंडरने पाना आणून सीट वर काढायला घेतली आणि दोन इंचांतच नळीवरची शेवटची खूण आली. त्याच्यावर सीट काढणे धोक्याचे, कारण नळी फ्रेममधून निखळते किंवा मोडते. मुलाची उंची सहा फूट आणि सायकलची फ्रेम लहान. वडिलांनी हप्त्यांवर घेतलेली अठ्ठावीस हजारांची सायकल. दुकानदार बदलून देईना. शेवटी चारपाचशे रुपयांची लांब नळी मिळाली आणि सीटचे निभावले, पण त्या वर्षीची सफर हुकली ती हुकलीच. माप दुकानात बघायला पाच मिनिटे लागली असती.

सीटविषयीही असाच एक गोड गैरसमज आहे. लांब जायचे म्हणून लोक गादीसारखी रुंद, मऊ सीट बसवतात, वर आणखी जेलचे कव्हर चढवतात. पहिले दहा किलोमीटर स्वर्गसुख वाटते. नंतर काय होते ते शरीररचनेतून समजून घेऊ. बसताना आपले वजन ढुंगणाखालच्या दोन हाडांवर पडायला हवे, निसर्गाने ती त्यासाठीच दिली आहेत. सीट फार मऊ असली तर ही हाडे आत रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. तिथे, दोन मांड्यांच्या मधल्या भागात, जननेंद्रियाकडे जाणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात. त्यांच्यावर दाब आला की बधिरता येते. म्हणून सीट बेताची टणक, आपल्या त्या दोन हाडांना आधार देईल एवढीच रुंद, आणि शक्यतो मध्ये खोलगट किंवा फट असलेली घ्यावी. स्त्रियांचा कटिभाग रुंद असल्यामुळे त्यांना बहुधा थोडी अधिक रुंद सीट लागते. सीटचे नाक वर उचललेले नसावे. सपाट, फार तर किंचित खाली. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे. एवढे करूनही बधिरता येत असेल तर ती सहन करीत पुढे जाऊ नये, आणि घरी आल्यावर एक-दोन दिवसांत गेली नाही तर लाज न बाळगता डॉक्टरला दाखवावे. मी हे इतक्या उघडपणे लिहितो आहे, कारण या तक्रारीसाठी माणसे सगळ्यात उशिरा येतात.

हातांचे दुखणे हँडलमुळे. एक शिक्षिका यजमानांच्या सायकलवरून तीन दिवसांची सफर करून आल्या आणि त्यांची करंगळी व तिच्याशेजारचे बोट बधिर झाले होते. शर्टाचे बटण लावता येईना. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मनगटापाशी एक मज्जातंतू जातो. हँडलवर तासन्‌तास भार टाकला की तो चेमटतो. सायकल बाईंना लांब पडत होती, त्यामुळे शरीराचे ओझे हातांवर येत होते. हँडल जवळ आणि थोडे वर आणायला आखूड स्टेम मिळतो, तो बसवला आणि पुढच्या वेळी त्यांना त्रास झाला नाही. सायकलवर बसल्यावर कोपर थोडे वाकलेले असले पाहिजे आणि तोल न जाता हात क्षणभर हँडलवरून हलके उचलता आले पाहिजेत. हे जमत नसेल तर हँडल लांब आहे. सफरीसाठी असे हँडल चांगले, की ज्यावर हाताची पकड दोन-तीन प्रकारे बदलता येईल. सरळ दांडीचे हँडल असेल तर टोकांना छोटी शिंगे बसवून घेता येतात. शर्यतीच्या सायकलचे खाली वळलेले हँडल अनेकांना भीतिदायक वाटते, पण ते पुरेसे वर बसवले तर त्यावर हात ठेवायच्या जागा सगळ्यात जास्त असतात.

आता जरा वादाच्या विषयाकडे येतो. आमच्या जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या निम्म्या सायकली पाहिल्या तर वाटावे, इथली माणसे रोज हिमालयात जातात. पुढे शॉकअप, कधी मागेही शॉकअप, ट्रॅक्टरसारखे गुट्ट्यांचे जाड टायर. तरुणांना ते रुबाबदार वाटते, हे मी समजू शकतो. पण डांबरी रस्त्यावर गुट्ट्यांचा टायर नुसता गुरगुरतो आणि पायांची ताकद खातो. बेताच्या किमतीचा शॉकअप वजनाला जड असतो आणि चढावर उभे राहून पायडल मारले की प्रत्येक वेळी तो दबतो, म्हणजे तुमचा जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जातो. शिवाय मागे शॉकअप असलेल्या सायकलीला कॅरियर नीट बसत नाही. खड्ड्यांचे काय, असे कोणी विचारेल, आणि कोकणातल्या रस्त्यांविषयी तो प्रश्न रास्तच आहे. त्याला उत्तर म्हणजे टायरमधली हवा. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा, साध्या नक्षीचा टायर बेताची हवा भरून चालवला तर तोच पुरेसा शॉकअप आहे. शर्यतीच्या सायकलचे २३-२५ मिलिमीटरचे टायर मात्र सामान लादून खड्ड्यांतून नेणे म्हणजे मनगटे आणि कंबर दोन्ही पणाला लावणे.

ज्यांच्या घरी गुट्ट्यांची सायकल आधीच आहे त्यांनी ती विकायला काढू नये. माप बसत असेल तर दोन गुळगुळीत टायर टाकावेत, शॉकअपला कुलूप असेल तर डांबरी रस्त्यावर ते लावून ठेवावे, आणि खुशाल निघावे. २६ इंची चाकाच्या सायकली आता इतक्या पसरल्या आहेत, की तिची ट्यूब तालुक्याच्या गावी सहसा मिळते. ट्यूब-टायर घेताना बाजूला कोरलेला आकडा बघण्याची सवय लावावी. ३७-६२२ असा आकडा असेल तर टायरची रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमचा व्यास ६२२. दुकानदाराच्या "बसून जाईल" पेक्षा हा आकडा भरवशाचा.

गिअरविषयी बोलायचे तर गंमत अशी, की दुकानात "एकवीस गिअर, चोवीस गिअर" असे मोजून विकले जाते आणि घेणाराही जास्त आकड्याला भुलतो. आकडा महत्त्वाचा नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते महत्त्वाचे. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. पुढचे दात मागच्यांइतके किंवा त्यांच्यापेक्षा कमी असले, तर ती सायकल सामानानिशी घाट चढेल. दोन्ही सारखे असतील तर पायडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते, म्हणजे सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेआठ-नऊ किलोमीटर पडतो, आणि घाटात एवढा वेग पुरे झाला. आता आपली जुनी काळी सायकल घ्या. पुढे साधारण ४४ दात, मागे १८. एका फेरीत ती पाच-साडेपाच मीटर जाते. त्याच वेगाने घाट चढायचा तर मिनिटाला सत्तावीस-अठ्ठावीसच फेऱ्या होतात, पण प्रत्येक फेरीला अडीचपट जोर लागतो. तो जोर कुठून येणार? गुडघ्यातूनच. कमी जोर आणि जास्त फेऱ्या, हे गुडघ्याच्या दृष्टीने कधीही चांगले. चढावर हलका गिअर लावणाऱ्याला आपल्याकडे मित्रमंडळी हसतात, तो त्यांचा अडाणीपणा आहे.

हसणारे सगळीकडे असतात म्हणा. फ्रान्समधली ती जगप्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ साली ज्याने सुरू केली त्या आंरी देग्रांज यांचेही मत असेच होते, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. त्या शर्यतीत आजच्यासारखी साखळी बदलणारी गिअरव्यवस्था वापरायला १९३७ साली परवानगी मिळाली. आज त्या शर्यतीत गिअरवाचून कोणी उतरत नाही.

जुन्या काळ्या सायकलीला मी नावे ठेवतो आहे असे कोणी समजू नये. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ साली ७१ हजार किलोमीटर फिरून परत आले. त्यांच्याजवळ आजची कोणतीच सोय नव्हती. सपाटीवरची सफर असेल तर काळी सायकल आजही उत्तम आहे. आषाढीच्या आधी गावोगावचे सायकलस्वार पंढरपूरला जातात. आमच्याकडून तो रस्ता बराचसा सपाटीचा. त्या वाटेला वीस-बावीस किलोची काळी सायकल, ताठ बैठक, मोठी चाके, भक्कम कॅरियर यांनी काही अडत नाही, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. साठी ओलांडलेले शेतकरी तिच्यावरून सहज जाऊन येतात. पण तीच सायकल घेऊन कोणी सागरी मार्गाला जातो म्हणाला तर मी हात जोडीन. नकाशावर समुद्रसपाटी दिसते म्हणून लोक फसतात. प्रत्यक्षात एक खाडी ओलांडली, की सड्यावर चढायचे आणि पुढची खाडी आली, की पुन्हा उतरायचे. घाटासारखे लांब नसले तरी हे चढ छातीवर येणारे असतात आणि दिवसात पाच-सहा वेळा येतात.

चढाचा त्रास गुडघ्याला होतो, पण उताराचा धोका जिवाला असतो. आमच्याकडून कोकणात जाताना आधी उतार लागतो, आणि तोही पहिल्याच दिवशी, माणूस आणि सायकल दोघेही एकमेकांना नवे असताना. म्हणून ब्रेकच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करीत नाही. चकचकीत लोखंडी रिमवर रबराचा ब्रेक ओला झाला की जवळजवळ लागतच नाही, आणि कुंभार्लीत दवाने, धुक्याने रस्ता ओला असणे दिवाळीतही नवीन नाही. ॲल्युमिनियमची रिम त्यापेक्षा पुष्कळ बरी. डिस्क ब्रेक ओल्यात सगळ्यांत चांगले; मात्र सफरीसाठी तारेवर चालणारे घ्यावेत, तेलावर चालणारे नकोत. तार वाटेत कुठेही बदलता येते, तेल गळले तर आडगावात कोणी विचारणारा नाही. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. रबराचा ब्रेक असेल तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि दोन्ही ब्रेक वापरायचे. पुढच्या ब्रेकला घाबरून नुसता मागचा वापरणारे अनेक जण मी पाहिले आहेत. खरा थांबवणारा ब्रेक पुढचाच असतो, फक्त तो हळुवार लावावा लागतो. घाट उतरण्याआधी कोयनानगरला थांबून ब्रेकची रबरे आणि तारा एकदा बघून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. हेल्मेटविषयी तर मी बोलतच नाही. डोके ज्याचे त्याने सांभाळावे.

सामान कधीही पाठीवर घेऊ नका. दहा किलोची सॅक पाठीवर असली, की तेवढे वजन सीटवरच्या त्या दोन हाडांवर आणि मनगटांवर येते, मान आखडते, आणि वळणावर तोल जातो तो वेगळाच. आमच्या दूधवाल्याकडे पाहा. तो किटल्या डोक्याशी बांधत नाही, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाने लटकवतो. सफरीचे सामानही तसेच, दोन बाजूंच्या पिशव्यांत न्यायचे. म्हणजेच सायकलीच्या फ्रेमला कॅरियरचे स्क्रू बसवायची भोके हवीत, आणि मागचे चाक इतके मागे हवे की पायडल मारताना टाच पिशवीला लागू नये. शर्यतीच्या सायकलींना बहुधा यांतले काहीच नसते. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून तारा जास्त हव्यात, ३६ असल्या तर उत्तम. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० असतात, ते उगाच नव्हे.

फ्रेम कशाची घ्यावी, यावर माझा कौल पोलादाला आहे. ॲल्युमिनियमची सायकल किलो-दोन किलोने हलकी पडते हे खरे, पण सोबत दहा-बारा किलो सामान असताना त्याचे कौतुक ते काय! पोलादी नळी तडकली तर कोणत्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाला ती जोडून देतो आणि माणूस घरी पोहोचतो. ॲल्युमिनियम जोडणारा सहजी मिळत नाही. कार्बनच्या फ्रेमची तर गोष्टच सोडा. मात्र पोलाद हवेच म्हणून मापाची ॲल्युमिनियमची सायकल सोडून बेमापाची पोलादी घेऊ नये. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोलपंपावरही हवा भरता येते. बारीक चोचीचा असेल तर त्याची पितळी टोपी आधीच विकत घेऊन खिशात ठेवावी. वालट्यूबचा जुना व्हॉल्व्ह असेल तर वालट्यूबचा तुकडा दोन रुपयांचा, पण ऐन वेळी सापडत नाही.

नवी सायकल आणून दुसऱ्या दिवशी सफरीला निघणे हे नवा बूट घालून वारीला निघण्यासारखे आहे. निदान महिनाभर आधी घ्या. आणि एक परीक्षा जरूर करा: जे सामान नेणार तेवढे सगळे बांधून, लागोपाठ दोन दिवस, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, त्यात एक तरी चढ असा फेरा मारा. पहिल्या दिवशी कोणतीही सायकल बरी वाटते. खरे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना कळते. जे दुखेल त्याप्रमाणे सीट, हँडल थोडे थोडे हलवावे, एका वेळी पाव इंच, आणि बसलेल्या मापाची नळीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. वाटेत कोणी सीट खालीवर केली तरी अंदाज चुकत नाही.

स्त्रियांसाठी वेगळी सायकल घ्यावी का, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. दांडा खाली वळलेली 'लेडीज सायकल' साडीसाठी काढलेली आहे, सफरीसाठी नव्हे. सलवार किंवा पँट घालणाऱ्या स्त्रीने आपल्या मापाची लहान फ्रेमची कोणतीही सायकल घ्यावी. आपल्याकडे घरातली पहिली सायकल मुलाच्या मापाची येते आणि मुलीने तीच लांब हात करून चालवायची, ही रीत बदलायला हवी. वर सांगितलेल्या शिक्षिकाबाईंची बोटे त्यामुळेच बधिर झाली होती.

चाळिशी उलटलेले वाचकही हल्ली सफरीला निघतात. बॅटरीच्या सायकलींविषयी त्यांच्याकडून विचारणा होते. ज्यांचे गुडघे झिजायला लागले आहेत त्यांना चढावर तिची खरोखर मदत होते, मी ती कमीपणाची मानत नाही. मात्र ती जड असते, बॅटरी संपली तर तेच वजन तुम्हाला ओढावे लागते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंगची खात्री करूनच निघावे आणि तिचेही हलके गिअर तपासावेत. ज्यांना जिना चढताना छातीत भरून येते, पूर्वी हृदयाचा त्रास झाला आहे, किंवा मधुमेहासाठी इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी सायकलीच्या दुकानात जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. रोज पाच तास सायकल चालवली की साखर भराभर उतरते, गोळ्यांचे प्रमाण आणि वाटेतले खाणे आधी ठरवून घ्यावे लागते. याविषयी पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन.